बापाचा रकाना कोरा

डोंगरावरच्या त्या मुलींच्या कॉलेजचं फाटक आठवलं की आजही माझं डोकं तापतं. लोक म्हणतात वय झालं की राग निवतो. माझा निवलेला नाही आणि मी तो निववायलाही बसलेलो नाही.

कोबेच्या मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षीचा एप्रिल होता. जपानातल्या त्या शहरात आमचं घर बंदराच्या बाजूला, आणि कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला, डोंगराच्या अंगावर. ट्रेन, मग बस, मग चढण. सगळं मिळून तासभर. तासाभरावर स्वतःचं घर असताना पोरीने वसतिगृहात कशाला राहायचं? हे मी विचारलं तर मुलगी म्हणाली, "बाबा, तिथे सगळ्याच राहतात." सगळ्या राहतात म्हणून तू राहणार? बायको जपानी, तीही पोरीच्या बाजूने. दोघींनी मिळून ठरवून टाकलं. मी आठवडाभर पोरीशी बोललो नाही. जेवायला समोरासमोर बसायचो, आमटीचं भांडं हवं असलं तर बायकोला सांगायचो.

पण अंथरूण मीच बांधलं. तीस वर्षं मी एका सिंधी शेटच्या गोदामात परदेशी जाणाऱ्या कापडाच्या गाठी बांधल्या. जहाजावरून उतरलो तो त्या गोदामात शिरलो आणि हाताला दाभणाचे घट्टे पडले तिथेच. कॉलेजने कळवलं होतं की अंथरूण आधीच कुरियरने पाठवा. मी म्हटलं, माझ्या घरातली गाठ दुसरा कोण नेणार? गादी, रजई, उशी गुंडाळली, वर मेणकापड, त्यावर गोणपाट, आणि दाभणाने कडेकडेने शिवून काढली. गोदामातले पत्र्याचे ठसे आणून चारही बाजूंनी काळ्या शाईत खुणा मारल्या. ही बाजू वर. पाण्यापासून सांभाळा. हुक लावू नका. अशी गाठ मी आफ्रिकेच्या बंदरात पाठवली असती तरी उसवली नसती. पोरगी ती बघून म्हणाली, "हे घेऊन ट्रेनमध्ये बसणार तुम्ही?" आठवड्यातलं तिचं ते पहिलं वाक्य. मी उत्तर दिलं नाही.

बायको सोबत नव्हती. तिची आई ओकायामाकडच्या गावी आजारी पडली म्हणून ती घाईने निघून गेली होती. म्हणजे आम्ही दोघंच. चढणीवर पोरगी माझ्या दहा पावलं पुढे. हातात छोटी बॅग, अंगात नवा निळा कोट. खांद्यावर गाठ घेऊन मी मागे. वाटेत सूट घातलेले बाप आणि मोत्यांची माळ घातलेल्या आया. सगळ्यांचे हात मोकळे. त्यांची अंथरुणं कधीच पोचली होती.

वसतिगृहाच्या दाराशी ओटा होता, तिथे जोडे काढायचे. मी गाठ ओट्यावर ठेवली आणि घाम पुसला. पोरगी सपाता घ्यायला कपाटाकडे गेली होती. तेवढ्यात आतून रेक्टरबाई आल्या. साठीच्या, करड्या सुटात, चष्म्याला साखळी. माझ्यासमोर गुडघ्यावर बसल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "गोकुरोसामा."

हा शब्द मी तीस वर्षं ऐकला होता. माल पोचवणाऱ्या माणसाला, हमालाला, गटार साफ करणाऱ्याला, बरे कष्ट घेतलेस, अशा अर्थाने हा शब्द म्हणतात. मुलीच्या बापाला कोणी म्हणत नाही.

पुढे बाईंनी खिशातून आपल्या नावाचा शिक्का काढला. या देशात सहीऐवजी तोच मारतात. "पावती कुठे आहे? शिक्का मारून देते."

मी पोरीकडे पाहिलं. ती चार हातांवर उभी होती, दोन्ही हातांत सपाता. तिने सगळं ऐकलं होतं. ती बोलली नाही. बाईंनी पुन्हा विचारलं, "पावती?" पोरीने मान खाली घातली.

माझं जपानी बंदरावरचं आहे. गोदीतल्या हमालांकडून शिकलेलं. त्यात आदर नावाची वस्तू नाही. मी म्हटलं, "पावती कसली मागतेस? बाप आहे मी हिचा."

दाराशी उभे असलेले सगळे वळले. बाईंचा चेहरा लाल झाला. त्या कपाळ जमिनीला टेकेल इतक्या वाकल्या, तीनदा माफी मागितली. तेवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट कधी कोणाला सांगितली नसती. चूक कोणाचीही होते. माणूस गोणपाटाची गाठ खांद्यावरून उतरवतो, अंगात कामाचं जाकीट, रंग काळा. झाली चूक.

पण पुढे बाई उठल्या आणि टेबलावरची यादी घेऊन आल्या. त्या दिवशी बापांना वर खोलीपर्यंत सामान न्यायची परवानगी होती. यादीत नाव असलं की कोटाला लावायला एक पांढरी फीत मिळायची. फीत नाही तर ओट्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. ही परवानगी वर्षातून त्या एकाच दिवशी. एरवी बापाला फक्त रविवारी दुपारी खालच्या बैठकीच्या खोलीत अर्धा तास, तोही यादीत असलेल्याच बापाला.

बाईंनी पोरीचं नाव शोधलं. बोट ओळीवरून पुढे नेलं आणि थांबल्या.

"माफ करा," त्या म्हणाल्या, "इथे फक्त आईचं नाव आहे. आणि भेटायला येणाऱ्यांत मामा. बापाचा रकाना कोरा आहे."

"कोरा म्हणजे?"

"काही लिहिलेलं नाही. आणि सोबत जो वॉर्ड ऑफिसचा रहिवासी दाखला जोडलाय त्यातही..." त्या अडखळल्या. "आम्हाला वाटलं, घरात आई आणि मुलगीच."

हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. त्या काळी जपानात परदेशी माणसाचं नाव घराच्या दाखल्यावर घालत नसत. त्याची नोंद वेगळ्या वहीत, वेगळं कार्ड, ते खिशात घेऊन हिंडायचं. मी त्या घरात वीस वर्षं राहिलो, त्या घराचं छप्पर दुरुस्त केलं, न्हाणीघराची फरशी बसवली. पण दाखला काढला की कुटुंबप्रमुख माझी बायको, खाली मुलगी, आणि पुढे रिकामा कागद. तो दाखला हातात घेऊन कोणीही म्हणेल, बिचारी बाई एकटीने पोर वाढवते.

मला हे माहीत होतं. पण हे कागद सरकारच्या कपाटात असतात अशी माझी समजूत. तो कागद माझ्या पोरीच्या आधी इथे येऊन बसेल आणि मला दारात अडवेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

"आता लिही," मी बाईंना सांगितलं. "पेन आण. मी उभा आहे ना समोर."

"पालकाच्या शिक्क्याशिवाय यादी बदलता येत नाही. पालक म्हणून आईंचा शिक्का आहे."

"आई ओकायामाला आहे."

"मग त्या परत आल्या की..."

"आणि तोवर मी कोण? हमाल?"

माझ्या बाजूने एक बाप गेला, कोटाला फीत, हातात टेबलावरचा दिवा. फक्त दिवा! त्याची पोरगी त्याच्यामागे. गादी वाहून आणणारा मी, आणि वर जाणार तो दिवेवाला.

त्या ओट्याच्या भिंतीवर एक मोठा जुना तपकिरी फोटो होता. शंभरावर वर्षांपूर्वी परदेशी मडमांनी ते कॉलेज काढलं तेव्हाची पहिली तुकडी. उंच कॉलरच्या दोन मडमा, पुढे किमोनोतल्या दहाबारा मुली, आणि मागे बोचकी घेतलेले पुरुष. दुसऱ्या पालकांना बाई मघाशी कौतुकाने सांगत होत्या ते मी दारातून ऐकलं होतं. या मुलींच्या गावांनी त्यांना शिकायला विरोध केला, काही जणी बापासोबत तीन तीन दिवस चालत इथे आल्या, काही बोटीने आल्या. मी त्या फोटोवर बोट ठेवलं.

"हे मागे उभे आहेत ते कोण?"

"त्या मुलींचे वडील."

"ह्यांचे दाखले तपासले होते का? का बोचकं खाली ठेवलं की पावतीवर शिक्का मारून हाकललं होतं?"

आता पोरीने तोंड उघडलं. पण बाईंशी नाही, माझ्याशी. आणि मराठीत. बाहेर ती माझ्याशी मराठीत बोलायची नाही, मी मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर द्यायची.

"बाबा, पुरे."

"काय पुरे? तू लिहिलंस का हे? तुझ्या बापाचं नाव गाळलंस?"

"मी नाही. आईने भरला फॉर्म. आणि ती जाताना त्यावर चिठ्ठी चिकटवून गेली होती, तुमच्यासाठी. दोन दिवस टेबलावर होता कागद. तुम्ही तिला फोनवर म्हणालात, बघितला, पाठवतो."

मला ते आठवलं.

खरं काय ते आता लिहितो, कारण आता कोणाला लपवायचं राहिलेलं नाही. गावच्या शाळेत माझी चौथीही पूर्ण झाली नाही. मराठी लिहिता येतं. इंग्रजीतली मोठी अक्षरं आणि आकडे गाठींवर खुणा मारता मारता आले. जपानी अक्षर एकही येत नाही. पण लग्न करताना बायकोला मी सांगितलं होतं की सोपी अक्षरं मला वाचता येतात. तिच्या बापाने विचारलं होतं, तेव्हा तोंडातून निघून गेलं. मग ते खोटं मी वीस वर्षं सांभाळलं. बायको कामावर जाताना चिठ्ठ्या ठेवायची, आणि पोरगी पाच वर्षांची झाल्यापासून मला त्या वाचून दाखवायची. मी कधी तिला सांगितलं नाही की आईला सांगू नकोस. तिने कधी सांगितलं नाही. त्या आठवड्यात मात्र आमचं बोलणं बंद होतं. कागदावर पिवळी चिठ्ठी होती. पोरगी शेजारच्या खोलीत होती, दार उघडं होतं. हाक मारायची तेवढीच बाकी होती. नाही मारली. बायकोने फोनवर विचारलं, "बघितलंस का रे?" मी म्हटलं, "बघितलं, पाठवतो." चिठ्ठी काढून टाकली आणि पाकीट चिकटवून टपालात टाकलं. स्वतःच्या हाताने.

हे सगळं त्या ओट्यावर माझ्या डोक्यातून गेलं. रेक्टरबाईंसमोर मी एवढंच म्हटलं, "मी बदलून आणतो." आणि गाठ तिथेच ठेवून चढण उतरलो. पोरीने हाक मारली की नाही ते आठवत नाही. राग एवढा होता की कान बंद झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ओकायामाकडच्या गावी गेलो. बायको आईच्या पायाशी बसून संत्री सोलत होती. माझी बायको मराठी माझ्याकडूनच शिकली आणि मी बोलतो तशी बोलते, म्हणून जगातली सगळी माणसं तिला अरे आणि तू. मला बघून ती म्हणाली, "अरे, तू इथे कसा? पोरगी पोचली ना?"

"पोरगी पोचली. मी नाही पोचलो. दारातच ठेवलं मला. माझं नाव का नाही लिहिलंस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "चिठ्ठी लिहिली होती ना. फॉर्मवर छापलंय, दाखल्याप्रमाणे भरा. दाखल्यावर तू नाहीस. मी वॉर्ड ऑफिसला विचारलं, ते म्हणाले, तुमच्या गावच्या कुटुंबनोंदणीत नवऱ्याचं नाव आहे, तो उतारा जोडलात तर लिहिता येईल. म्हणून चिठ्ठीत लिहिलं, रकाना रिकामा ठेवलाय, उतारा मागवू का, थांबायचं का, सांग. तू म्हणालास बघितलं, पाठवतो."

"बघितलं म्हणालो. वाचलं म्हणालो का?"

सोललेली फोड तिच्या हातात तशीच. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. वीस वर्षांच्या चिठ्ठ्या ती मोजत असावी. मला वाटलं आता ती हसणार, आणि हसली असती तर मी तिथून उठून थेट बंदर गाठलं असतं. ती हसली नाही. उलट माझ्यावरच डाफरली.

"मूर्ख माणसा! मला नाही तर नाही, पोरीला विचारायचंस!"

"तिच्याशी बोलत नव्हतो."

"का?"

"ती घर सोडून चालली होती म्हणून!"

पलंगावरून सासू काहीतरी पुटपुटली. या म्हातारीने आमच्या लग्नानंतर सहा वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. मी बायकोला विचारलं, "काय म्हणते?" बायको म्हणाली, "म्हणते, कचेरी दुपारी जेवायला बंद होते. आत्ताच जा."

गावच्या कचेरीत मी एकटाच गेलो. बायको येते म्हणाली, मी नको म्हटलं. काउंटरमागे एक तरुण कारकून, बाह्यांवर काळी कापडी वेष्टनं. माझं परदेशी कार्ड त्याने उलटसुलट पाहिलं, दोनदा आत जाऊन कोणाला तरी विचारून आला. शेवटी कागद आणला. उभ्या ओळी, काळ्या मुंग्यांसारखी अक्षरं, खाली लाल चौकोनी शिक्का. मी कागद घेतला आणि तिथेच उभा राहिलो. माझ्यामागे दोन शेतकरी बायका रांगेत होत्या.

"आणखी काही?" कारकुनाने विचारलं.

एवढ्या वर्षांत हे वाक्य मी कोणत्याही परक्या माणसाला म्हटलं नव्हतं. जहाजावर नाही, गोदामात नाही, शेटला नाही. चुकीचा रस्ता धरला, चुकीच्या बसमध्ये बसलो, एकदा तर भलत्याच औषधाचा डोस घेतला, पण म्हटलं नव्हतं.

"मला वाचता येत नाही," मी म्हटलं. "वाचून दाखव."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. आवाज खाली घेऊन तो भराभर वाचायला लागला.

"असं नाही. मोठ्याने. आणि मुलीच्या नावापुढे बाप म्हणून काय लिहिलंय तेवढंच."

त्याने वाचलं. बाप, आणि पुढे माझं नाव. जपानी जिभेवर त्या नावाचे पाच तुकडे झाले होते, पण ते माझंच होतं. मागच्या दोन्ही बायका ऐकत होत्या. ऐकू देत.

"पुन्हा वाच," मी म्हटलं. त्याने पुन्हा वाचलं.

म्हणजे मी लिहिलेला होतो. बायकोच्या त्या डोंगरातल्या गावात, जिथल्या एकाही माणसाने मला नीट रामराम केला नव्हता, तिथल्या कपाटात मी पोरीचा बाप म्हणून बसलेलो होतो. आणि जिथे मी राहत होतो, घाम गाळत होतो, तिथे नव्हतो. याचा आनंद मानायचा की कचेरीची काच फोडायची, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. आजही विचारलंत तर मी काचेच्या बाजूने आहे.

बायकोचा शिक्का घेतला, उतारा घेतला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ती चढण चढलो. रेक्टरबाईंनी उतारा दोन्ही हातांनी घेतला, वाचला, टेबलाशी बसल्या आणि टोपण काढून शाईने रकाना भरला. मी शेजारी उभा राहून बघत होतो. अक्षर वाचता आलं नाही तरी किती जागा भरली ते दिसत होतं. मग त्या उठून वाकल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी मी फार मोठी चूक केली." मी म्हटलं, "केलीस." त्यांना वाटलं असेल, आता हा म्हणेल, असू दे. मी नाही म्हटलं. त्या उभ्या राहिल्या, मीही उभा राहिलो. मग त्याच म्हणाल्या, "ती गाठ आम्हा चौघींना उचलेना. शिवण कशी उसवायची तेही कळेना. मुलगी दोन रात्री मैत्रिणीच्या रजईत झोपली." मी कात्री मागितली आणि ओट्यावर बसून गाठ उसवली. वर न्यायची परवानगी त्या दिवशी कोणालाच नव्हती. मुलीच घेऊन गेल्या.

रविवारी दुपारी मी बैठकीच्या खोलीत जाऊन बसलो. सोफ्यावर पांढरी आवरणं, भिंतीवर घड्याळ, बाकीचे बाप पोरींना परीक्षेचं विचारताहेत. माझी पोरगी खाली आली आणि समोर बसली. शेवटी तीच म्हणाली, मराठीत, सगळ्यांसमोर.

"त्या दिवशी मी गप्प का राहिले, ते विचारा ना."

"नाही विचारत."

"विचारा."

"सांगायचं तर सांग. मी विचारणार नाही."

"मला वाटलं, बाप आहे म्हटलं की त्या कागद काढणार आणि तुम्ही भांडणार. आणि मग मला पण परत पाठवतील."

"म्हणजे तुला माहीत होतं रकाना कोरा आहे?"

तिने मान डोलावली. "चिठ्ठी मी वाचली होती. वाटलं, तुम्ही वाचायला हाक माराल. दोन दिवस वाट बघितली."

"मग तू का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलत नव्हतात म्हणून."

मला इतका राग आला की मी खिडकीकडे तोंड केलं. पोरगी कोणाची, हे विचारायला कुठल्या कचेरीत जायची गरज नव्हती.

"आणि भांडलोच मी," जरा वेळाने मी म्हटलं.

"हो. आणि त्यांनी पाठवलं नाही परत."

दारात रेक्टरबाई आल्या. घड्याळाकडे बघून वाकल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ओतोसान, वेळ झाली." ओतोसान म्हणजे बाबा, मुलींच्या बापांना या देशात हेच म्हणतात. बाकीचे सगळे बाप लगेच उठले, कोट सारखे केले, दाराकडे गेले.

मी ऐकलं. आणि आणखी पाच मिनिटं उठलो नाही.